माथ्यावरचे नाव : प्रस्तावना

नवी मुंबईत राहणाऱ्या माणसास आपला पत्ता सांगताना केवळ सेक्टरचा अंक सांगून भागत नाही. सेक्टर १० वाशीत आहे, तसाच तो नेरूळमध्ये, ऐरोलीत, कोपरखैरण्यात, खारघरात आणि कामोठ्यातही आहे. आणि रिक्षावाल्यास नुसते ‘सेक्टर दहा’ म्हटले, तर ‘कुठला?’ असे विचारल्याखेरीज तो रिक्षा हलवीत नाही. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, ठाणे व तत्कालीन कुलाबा या दोन जिल्ह्यांतील ९५ गावांची मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन या नव्या शहरासाठी मुक्रर झाली, आणि एकाच केंद्राभोवती दाटी होऊ न देता १४ नोड वसवावेत, नोडांचे सेक्टर पाडावेत व सेक्टरांत भूखंड आखावेत अशी रचना ठरली, तेव्हाच एक गोष्ट या शहराच्या नशिबी लिहिली गेली: येथे खालच्या पायरीचे नाव वरच्या पायरीच्या नावावाचून निरर्थक असते.

प्रस्तुत पुस्तिकेचा विषय यापुढे फारच लहान वाटेल. भ्रमणध्वनीवरील एखाद्या ॲपच्या सेटिंग्जमध्ये आपण एका स्क्रीनमधून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असे उतरत गेलो, तरी स्क्रीनच्या माथ्यावरील शीर्षकपट्टी, जिला हे काम करणारी मंडळी टूलबार किंवा ॲप बार म्हणतात, ती शेवटपर्यंत दिसत राहिली पाहिजे आणि तिच्यावर त्या त्या स्क्रीनचे खरे नाव असले पाहिजे, एवढेच या पुस्तिकेचे प्रतिपादन आहे. एवढ्याशा मागणीसाठी स्वतंत्र पुस्तिका कशास, असा प्रश्न कोणी विचारला तर तो वाजवी आहे. परंतु घणसोली, महापे आणि ऐरोली येथील कचेऱ्यांत हजारो तरुण मंडळी रोज अशा स्क्रीन रचीत असतात, त्यांनी रचलेल्या स्क्रीन वापरणारी माणसे या शहराच्या वस्तीहून कितीतरी अधिक आहेत, आणि या बाबतीत होणारी चूक बहुधा हेतुपुरस्सर होत नसून केवळ कोणी अखेरच्या पायरीपर्यंत उतरून न पाहिल्यामुळे राहून जाते. जी चूक अज्ञानाने नव्हे, तर अनवधानाने होते, तिच्याविषयी तपशिलाने लिहिण्याचा उपयोग होतो, असा माझा विश्वास आहे.

सेटिंग्जच्या स्क्रीनला नावाची एवढी निकड का, हे समजण्यासाठी जेथे नावाची निकड नाही अशी एक जागा प्रथम पाहावी. ज्यांनी प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह या नव्या शहराची कल्पना मांडली, त्या चार्ल्स कोरिया यांनी १९८० नंतरच्या दशकात सीबीडी बेलापूर येथे आर्टिस्ट व्हिलेज या नावाने ओळखली जाणारी वसाहत रचली. तिच्यात ७ घरे सुमारे ८ मीटर लांबी-रुंदीच्या एका अंगणाभोवती बसविली आहेत. असे तीन गट मिळून २१ घरांचा समूह होतो व त्याच्या मध्यभागी सुमारे १२ मीटरचा चौक येतो. आणि असे तीन समूह एकत्र आले की सुमारे २० मीटरची, आणखी मोठ्या मेळाची मोकळी जागा निर्माण होते. येथे पायऱ्या एकीच्या पोटात दुसरी अशाच आहेत. परंतु तेथे फिरणाऱ्यास आपण कोणत्या पायरीवर आहो हे फलकावर वाचावे लागत नाही, कारण मोकळ्या जागेचा विस्तारच ते त्यास सांगतो. आठ मीटरच्या अंगणात पाऊल टाकताच आपण कोणाच्या तरी दारात आलो आहो याची जाणीव होते आणि वीस मीटरच्या जागेत ती आपोआप सुटते.

सेटिंग्जच्या स्क्रीनला असे रूप नसते. पहिली स्क्रीन आणि पाचवी स्क्रीन यांत दृष्टीला काहीच भेद आढळत नाही: तीच पांढरी किंवा काळी पार्श्वभूमी, त्याच ओळी, प्रत्येक ओळीत एक नाव, नावाखाली बारीक अक्षरांतील खुलासा, आणि उजव्या कडेला चालू-बंद करण्याचे बटण. हा सारखेपणा दोष नव्हे, हे मी आग्रहाने सांगतो. एकदा शिकलेली रीत सर्वत्र लागू पडावी म्हणून तो जाणून पत्करलेला आहे. परंतु त्या सारखेपणाची किंमत अशी की, स्थळ ओळखण्याची सर्व भिस्त माथ्यावरच्या एका ओळीवर येऊन पडते. ॲन्ड्रॉइडच्या ६.० या आवृत्तीपासून (२०१५) ठिकाण, कॅमेरा, मायक्रोफोन यांची परवानगी प्रत्येक ॲपला निरनिराळी देता येऊ लागली, ८.० पासून (२०१७) एकाच ॲपच्या सूचनांचेही प्रकार पडून प्रत्येक प्रकाराचा ध्वनी, कंपन आणि प्राधान्य स्वतंत्रपणे ठरविता येऊ लागले. म्हणजे बँकेच्या ॲपमधील व्यवहाराच्या सूचनांची स्क्रीन आणि एखाद्या दुकानाच्या ॲपमधील जाहिरातींच्या सूचनांची स्क्रीन या दोन जुळ्या बहिणी झाल्या. माथ्यावरचे नाव झाकले गेले, तर जाहिरात बंद करावयास निघालेला गृहस्थ खात्यातून पैसे गेल्याची वर्दी बंद करून बसतो, आणि आपल्या हातून असे काही घडले आहे याची वार्ता त्यास कित्येक दिवस लागत नाही.

या प्रश्नाचे खरे स्वरूप मात्र दोन माणसे टेलिफोनवर एकमेकांस मदत करू लागली म्हणजे प्रकट होते. मुलगा पुण्यास किंवा परदेशी, आई खारघरच्या घरी, आणि दोघांच्या मध्ये ती एक स्क्रीन, जी एकासच दिसते. ‘सेटिंग्जमध्ये गेलीस का? आता खाली सूचना असं लिहिलं असेल, त्यावर बोट ठेव. उघडलं? आता वर काय लिहिलंय ते वाच बरं.’ या शेवटच्या वाक्यावर सर्व संभाषण तोललेले असते. आईने नाव वाचून दाखविले, तर मुलास सहस्र मैलांवरून ती कोठे उभी आहे हे कळते. ‘वर काहीच नाही रे, नुसती बटणंच बटणं आहेत,’ असे उत्तर आले, की दोघांसही आरंभापासून पुन्हा चालत यावे लागते; आणि अशी दोन-तीन आवर्तने झाली म्हणजे आई ‘राहू दे, तू आलास की बघू’ म्हणते. या देशात घरोघरी चाललेले हे अध्यापन कोणत्याही शाळेच्या दप्तरात नोंदलेले नाही. पण वृद्ध माणसे यंत्राशी जी काही मैत्री करतात, ती याच वाटेने करतात, आणि ती वाट मोकळी ठेवणे ही स्क्रीन रचणाऱ्याची जबाबदारी आहे.

आता ही पट्टी हरवते कशी, याचा इतिहास थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण त्यात रचनाकारांच्या कसुरीचा भाग पुष्कळांना वाटतो त्याहून कमी आहे. ॲन्ड्रॉइडच्या ३.० या आवृत्तीने (२०११) ॲक्शन बार नावाची पट्टी आणली व त्याच वेळी सेटिंग्जच्या स्क्रीनसाठी प्रेफरन्स फ्रॅगमेंट ही सोयही दिली. पुढे २०१४ साली ५.० आवृत्तीबरोबर मटेरियल डिझाइन आले आणि त्याबरोबर टूलबार आला. ॲक्शन बार व्यवस्थेच्या मालकीचा होता. टूलबार हा रचनाकाराने आपल्या ॲक्टिव्हिटीच्या मांडणीत स्वहस्ते ठेवावयाचा घटक झाला. येथेच पेच उत्पन्न झाला. एका प्रेफरन्स स्क्रीनच्या पोटात दुसरी प्रेफरन्स स्क्रीन लिहिली असता, ॲन्ड्रॉइडचा जुना शिरस्ता असा होता की आतली स्क्रीन डायलॉगच्या रूपाने, म्हणजे संपूर्ण पडदा व्यापणाऱ्या एका स्वतंत्र खिडकीत, उघडावी. टूलबार राहिला खालच्या, ॲक्टिव्हिटीच्या खिडकीत. डायलॉग त्यावर पसरला. आणि पहिल्या पायरीवर ठळकपणे दिसणारी पट्टी दुसऱ्या पायरीवर, मागे जाण्याच्या बाणासकट, नाहीशी झाली. रचनाकाराने दस्तऐवजात सांगितले तसेच केलेले असे. तरीही फळ विपरीत येई.

यावर त्या काळी एक उपाय रूढ झाला होता. डायलॉग उघडताच त्याच्या आतील घटकांच्या उतरंडीत यादी कोठे बसली आहे हे शोधावे, तिच्या जनकाला गाठावे, आणि त्याच्या माथ्यावर दुसरा टूलबार हाताने चिकटवावा. हा उपाय चाले; परंतु तो व्यवस्थेच्या अंतर्गत रचनेच्या हवाल्यावर चाले, आणि ती रचना कायम ठेवण्याचे वचन कोणी कोणास दिलेले नव्हते. आवृत्ती बदलली, किंवा एखाद्या कारखानदाराने आपल्या फोनसाठी त्यात फेरफार केला, की चिकटविलेली पट्टी यादीच्या पहिल्या ओळीवर येऊन बसे किंवा ॲपच बंद पडे. जुन्या ॲपांच्या संहितेत हा उपाय आजही आढळेल. तो आढळल्यास त्याची डागडुजी न करता तो काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

योग्य मार्ग असा की, पोटातील स्क्रीन डायलॉगमध्ये उघडूच नये. प्रत्येक पायरीला स्वतःचा फ्रॅगमेंट द्यावा, हे सर्व फ्रॅगमेंट एकाच ॲक्टिव्हिटीच्या अंगणात एकामागून एक यावेत, आणि पट्टी त्या ॲक्टिव्हिटीची असल्यामुळे ती जागची हलू नये. ॲन्ड्रॉइडएक्स या ग्रंथालयातील प्रेफरन्सची व्यवस्था याच तत्त्वावर उभी आहे, आणि जुनी प्रेफरन्स ॲक्टिव्हिटी ॲन्ड्रॉइड १० पासून (२०१९) वापरू नये असे अधिकृतपणे ठरले आहे. पट्टी दिसण्याचा प्रश्न येथे सुटतो. पण पट्टीवर काय लिहिलेले असेल हा प्रश्न येथूनच सुरू होतो, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो.

ॲन्ड्रॉइड स्टुडिओमध्ये सेटिंग्जच्या स्क्रीनचा जो तयार साचा मिळतो, त्याचा दाखला घेऊ. आतल्या स्क्रीनमध्ये जाताना ॲक्टिव्हिटीचे शीर्षक बदलावे, आणि मागे येताना, उघडत गेलेल्या स्क्रीनची साठलेली चवड पूर्ण रिकामी झाली असेल तर, मूळचे ‘सेटिंग्ज’ हे शीर्षक पुन्हा लावावे, असा हुकूम त्यात लिहिलेला असतो. दोन पायऱ्यांपुरता हा साचा बिनचूक आहे. पण कोणी तिसरी पायरी जोडली, समजा ‘सेटिंग्ज’मधून ‘सूचना’ आणि ‘सूचना’मधून ‘ध्वनी’, तर ‘ध्वनी’वरून मागे फिरताना चवड एका पायरीने उतरते, रिकामी होत नाही, म्हणून शीर्षक बदलत नाही, आणि ‘सूचना’च्या ओळींवर ‘ध्वनी’ हे नाव मिरवत राहते. नसलेल्या नावाने माणूस बुचकळ्यात पडतो आणि थांबून विचार करतो. खोट्या नावाने तो बुचकळ्यात न पडता निश्चिंतपणे पुढे जातो, आणि म्हणून खोटे नाव अधिक घातक आहे.

यावरचा उपाय जितका साधा, तितकाच तो दुर्लक्षित आहे. शीर्षक बदलण्याचे काम जाणाऱ्याकडे किंवा येणाऱ्याकडे न देता, जी स्क्रीन समोर उभी आहे तिच्याकडेच द्यावे. प्रत्येक फ्रॅगमेंटने पुढे येताच आपले नाव आपण सांगावे. असे केले म्हणजे मागे जाणे, पुढे जाणे, मध्येच एखाद्या सूचनेवरून थेट तिसऱ्या पायरीवर उतरणे, या सर्व वाटांनी येणाऱ्यास सारखेच उत्तर मिळते. हार्बर मार्गाच्या गाडीत बसलेल्या प्रवाशाने सानपाड्यास सेटिंग्ज उघडावी, वाशीच्या खाडीपुलावर फोन वाजावा, बोलणे मानखुर्दपर्यंत लांबावे, आणि तोवर स्मृतीच्या टंचाईपायी व्यवस्थेने ते ॲप पार्श्वभूमीतून काढून टाकलेले असावे, हा प्रसंग अपवादात्मक नव्हे. परत येताना स्क्रीन पूर्ववत उभी राहते, पण शीर्षक कोणी जपून ठेवले नसेल तर तेवढे मूळपदाला जाते. आणि प्रवाशाला, ज्याचे निम्मे चित्त अजून फोनवरच्या बोलण्यात आहे, आपण कोठे होतो हे आठवण्यास साधन उरत नाही. स्क्रीनने स्वतःचे नाव स्वतः सांगितले, तर जपून ठेवण्याचीही गरज पडत नाही. आयफोनवर हा प्रश्न पहिल्यापासून सौम्य राहिला, कारण तेथील नेव्हिगेशन कंट्रोलर प्रत्येक स्क्रीनचे शीर्षक त्या स्क्रीनलाच विचारतो.

स्क्रीन वर सरकविताना पट्टीने लपावे की नाही, या वादात मी फार वेळ घालवू इच्छीत नाही. वाचनाच्या किंवा छायाचित्रांच्या ॲपमध्ये ती लपली तर काही बिघडत नाही. सेटिंग्जमध्ये ती लपू नये. पट्टीची उंची रूढ मापाने ५६ डीपी, म्हणजे सुमारे नऊ मिलिमीटर. ८०० डीपी उंचीच्या स्क्रीनवर तिने व्यापलेला भाग शेकडा सातच भरतो. तेवढी जागाही फार वाटत असेल, तर ॲपलने २०१७ साली आयओएस ११ मध्ये मोठ्या शीर्षकांबरोबर आणलेली रीत घ्यावी: आरंभी शीर्षक मोठे, आणि सरकविताच ते आकसून लहान व्हावे, पण नाहीसे होऊ नये. ॲन्ड्रॉइडवरही आकसणाऱ्या टूलबारची अशीच सोय आहे. मात्र ॲन्ड्रॉइड १५ ला (२०२४) अनुसरून बांधलेल्या ॲपमध्ये मजकूर पडद्याच्या कडेपर्यंत पोहोचविला जातो. तेथे वरच्या मार्जिनाचा हिशेब चुकला, तर शीर्षकपट्टी घड्याळ आणि बॅटरीच्या चिन्हांखाली अर्धवट सरकते. पट्टी आहे आणि वाचता येत नाही, ही अवस्था ‘नाही’ याच सदरात मोडते.

मराठी वाचकांसाठी लिहिताना एक बाब अशी आहे की जिच्यावर मला थांबलेच पाहिजे. देवनागरी अक्षराचा देह शिरोरेषेच्या वर व पायाच्या खाली दोन्हीकडे वाढतो. वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार व जोडाक्षरांची शेपटे. मटेरियल डिझाइनच्या नियमांतही आपली लिपी उंच लिप्यांच्या वर्गात घातलेली असून तिला ओळीची उंची अधिक द्यावी असे सांगितले आहे. इंग्रजी अक्षराच्या मापाने बेतलेल्या पट्टीत ‘वर्गीकरण’ या शब्दाची वेलांटी आणि रफार वरून कापले जातात, आणि उरलेला शब्द वाचणाऱ्याने तर्काने पुरा करावयाचा असतो. विंडोजसाठी ‘मंगल’ हा देवनागरी टंक रचणाऱ्या रघुनाथ कृष्ण जोशी यांच्यासारख्या व्यासंगी माणसाने अक्षराच्या ज्या अवयवांसाठी जिवापाड परिश्रम केले, तेच अवयव एका चुकीच्या मापाने छाटले जावेत, हे मला अत्यंत क्लेशदायक वाटते.

दुसरी अडचण वाक्यरचनेची आहे. पट्टीत न मावलेले शीर्षक शेवटाकडून तोडून तेथे तीन टिंबे देण्याची सर्वत्र वहिवाट आहे. मराठीत विशेषणे आणि षष्ठीची पदे आधी येतात व मुख्य शब्द अखेरीस येतो. ‘खात्याच्या व्यवहारांच्या सूचनांचा आवाज’ आणि ‘खात्याच्या व्यवहारांच्या सूचनांची वेळ’ ही दोन शीर्षके शेवटाकडून तोडली, तर ज्या एका शब्दाने त्यांत भेद होतो तोच जातो आणि दोन्ही स्क्रीनचे नाव अक्षरशः एक होऊन बसते. तेव्हा मराठी शीर्षक भाषांतरकाराच्या हाती शेवटी सोपवून चालणार नाही. ते आरंभीच आखडते योजावे. वरच्या पायऱ्यांची नावे खालच्या शीर्षकात पुन्हा गुंफण्याऐवजी ‘आवाज’ असे एकपदी नाव मोठ्या अक्षरांत आणि त्याखाली लहान अक्षरांत ‘व्यवहारांच्या सूचना’ अशी दुसरी ओळ द्यावी. दोन ओळींच्या पट्टीस जागा थोडी अधिक लागते, आणि ती जागा सत्कारणी लागते.

अंध आणि अल्पदृष्टी वापरकर्त्यांचा विचार मी शेवटी करीत असलो, तरी त्यांचा हक्क शेवटचा नाही. टॉकबॅकसारखी वाचक-व्यवस्था नवी खिडकी उघडताच तिचे शीर्षक मोठ्याने वाचते. परंतु एकाच खिडकीत फ्रॅगमेंट बदलले, तर तिला ते आपोआप कळत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. ॲन्ड्रॉइड ९ पासून फ्रॅगमेंटलाही असे श्राव्य शीर्षक देता येते. ते देणे हे एका ओळीचे काम आहे. प्रत्येक पानाला त्याचा विषय सांगणारे शीर्षक असावे, हा संकेत वेबपृष्ठांसाठीच्या सुगम्यतेच्या नियमावलीत २००८ पासून प्राथमिक पातळीवर आहे, आणि २०२३ च्या सुधारित नियमावलीने त्यास एक आवश्यक मर्यादाही घातली आहे, ती अशी की स्थिर ठेवलेल्या पट्टीखाली वापरकर्त्याच्या हातातील ओळ दडून जाऊ नये. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क अधिनियम आहे, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला आहे. या निकालानंतर सेटिंग्जच्या स्क्रीनचे नाव ही केवळ रचनाकाराच्या रुचीची बाब राहिलेली नाही.

पुढील प्रकरणांत हे सर्व उपाय संहितेसह दिले आहेत, आणि जुन्या ॲपमधील डायलॉग काढून फ्रॅगमेंटची रचना टप्प्याटप्प्याने कशी आणावी याचे विवेचन स्वतंत्र प्रकरणात केले आहे. वाचकांस माझी एकच विनंती आहे. पहिले प्रकरण वाचावयास घेण्यापूर्वी आपण स्वतः रचलेले ॲप फोनवर उघडावे, फोनची भाषा मराठी करावी, सेटिंग्जच्या सर्वांत खालच्या पायरीपर्यंत उतरावे, यादी तळापर्यंत सरकवावी, फोन आडवा करून पुन्हा उभा करावा, दुसऱ्या एखाद्या ॲपमध्ये काही वेळ घालवून परत यावे, नंतर एक पायरी मागे जावे, आणि या प्रत्येक वेळी माथ्यावर काय लिहिलेले दिसते ते कागदावर जसेच्या तसे उतरवून ठेवावे. तो कागद शेजारी ठेवूनच ही पुस्तिका वाचावी.